अडीचशे खोके आणि एक शेरा

इथे एरवी आपण सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू, जर्नलची निवड असल्या गोष्टी बोलतो. आज बोलायचं आहे ते खोका काढण्याबद्दल. कागदावर, पेनने, पट्टीशिवाय. संशोधनाशी याचा काय संबंध, असं वाटेल. पण अभिप्राय कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा हे समजायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणात नक्की काय चुकलंय यावर दोन प्राध्यापक तासभर वाद घालू शकतात. खोका चुकला की नाही हे मात्र पट्टी ठेवून दाखवता येतं. निदान तसं वाटतं. हे वाटणं कुठवर खरं आहे, तेच आज तपासायचं आहे.

ड्रॉअबॉक्स नावाचा चित्रकलेचा एक मोफत अभ्यासक्रम आहे. त्याची भूमिका अशी की रोप असो, किडा असो, कुत्रा असो की मोटार, आधी ती गोष्ट साध्या घनाकारांतून कागदावर रचायची, बारकावे नंतर. डोळ्यांना दिसतं ते उतरवून काढणं वेगळं आणि वस्तू अवकाशात बसवणं वेगळं. हे दुसरं जमावं म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातच एक दमवणारा स्वाध्याय आहे: २५० खोके. फाइनलायनरने काढायचे, म्हणजे खोडायची सोय नाही. प्रत्येक खोका वेगळ्या दिशेला वळलेला. पान भरलं की दुसऱ्या रंगाचं पेन आणि पट्टी घ्यायची आणि खोक्याच्या कडा मागे, म्हणजे आपल्यापासून दूर, वाढवत न्यायच्या.

कशासाठी? समांतर रेषा दूर जाताना एकमेकींच्या जवळ येतात आणि एका बिंदूत मिळतात, हे आपण रेल्वेच्या रुळांच्या चित्रावरून शिकलेलो असतो. तो बिंदू म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंट. खोक्याला बारा कडा, चार-चारचे तीन गट. एका गटातल्या चारही रेषा वाढवल्यावर एकाच बिंदूकडे जायला हव्यात. नवशिक्याच्या तशा जात नाहीत. दोन रेषा आपापसात भेटतात, दुसऱ्या दोन आपापसात भेटतात, आणि दोन्ही जोड्या एकमेकींपासून फटकून राहतात. कधी तर रेषा दूर जाताना चक्क फाकतात. सगळ्यांत मजा येते ती मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात. तिथे तीन कडा एका बिंदूत मिळायच्या असतात. त्या तीन ठिकाणी भेटतात, कारण आधीच्या नऊ रेषांतली सगळी उधारी तिथे जमा झालेली असते.

या स्वाध्यायाचं मला मनापासून कौतुक वाटतं ते याच कारणाने. चूक दाखवायला दुसरा माणूस लागत नाही. पान उलटायच्या आत तुमचं तुम्हाला दिसतं, आणि पुढच्या पानावर ते लगेच वापरता येतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडे आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ग्राफिक्सच्या शीटवर जीटी मारतात ते तुम्ही पाहिलं किंवा निदान ऐकलं असेल. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. शीट स्वच्छ येते, सही मिळते, टर्मवर्क संपतं. त्या शीटवर कुणी काय अभिप्राय देणार? तिच्यात चूक नाही, कारण तिच्यात निर्णयच नाही. रेषा इथे का ओढली, असं विचारलं तर उत्तर ‘खाली होती म्हणून’. अभिप्रायाला धरायला काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे करणाऱ्याने स्वतः घेतलेला एखादा निर्णय. इंटरनेटवरून जुळवलेल्या लिटरेचर रिव्ह्यूवर गाइड जेव्हा नुसतं ‘ठीक आहे’ म्हणतात तेव्हा दर वेळी ते आळसच करत असतात असं नाही. धरायला काही नसतं.

आता समजा तुम्ही खोके काढलेत, रेषा वाढवल्यात आणि पान तिघांना दाखवलंत. खोका क्रमांक ३७ बघून पहिला म्हणतो, “मस्त, चालू ठेव.” दुसरा म्हणतो, “पर्स्पेक्टिव्ह कच्चं आहे, नीट अभ्यास कर.” तिसरा म्हणतो, “३७ मध्ये डावीकडे जाणाऱ्या चार रेषांपैकी आतल्या दोन जवळजवळ समांतर आहेत आणि बाहेरच्या दोन झपाट्याने जवळ येतायत. ३१ आणि ३४ मध्येही हेच झालंय. रेषा ओढण्याआधी तू गटातल्या बाकी तिन्ही रेषा बघतोस, की फक्त शेजारची?”

पहिल्या दोघांना मी ‘शेरा’ म्हणेन. एक गोड, एक कडू. पण दोन्ही शेरेच. ते पानाकडे न बघताही मारता आले असते, आणि खरे की खोटे हे तपासायची सोय त्यांच्यात नाही. तिसऱ्याने बोट ठेवायला जागा दिली, एकच चूक तीन ठिकाणी दाखवून ती अपघात नाही हे सांगितलं, आणि शेवटी हाताबद्दल न बोलता नजरेबद्दल विचारलं. तो प्रश्न मोलाचा आहे, कारण ही विशिष्ट चूक बहुधा तिथूनच येते: रेषा ओढताना माणूस जवळच्या रेषेशी जुळवून घेतो आणि गटातली चौथी विसरतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्याला दहा सेकंद लागले असतील, तिसऱ्याला दहा मिनिटं. ‘इंट्रोडक्शन वीक आहे’ असे समासातले शेरे इतके स्वस्त का असतात, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

शेरे निदान निरुपद्रवी तरी असतात का? १९९६ मध्ये क्लुगर आणि डिनिसी यांनी अभिप्रायावरच्या जुन्या अभ्यासांचं मोठं मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. सरासरी परिणाम चांगलाच निघाला. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं: अभिप्राय लक्ष कामाकडून ‘मी’कडे वळवतो तेव्हा त्याचा उपयोग कमी होतो. “तुझा हात चांगला आहे” हे वाक्यही यातच येतं. ते ऐकल्यावर पुढचा खोका काढताना माणूस रेषेकडे बघत नाही, हात चांगला ठरतोय ना याकडे बघतो.

इथवर मी ड्रॉअबॉक्सच्या बाजूने बोललो. आता पट्टीच्या चाचणीत मला जे खटकतं ते सांगतो. हा भाग थोडा भूमितीचा आहे, पण तुम्ही विज्ञानाचे आहात, निभेल.

चार रेषा एका बिंदूत मिळाल्या, यावरून काय सिद्ध होतं? त्या चार कडा एकमेकींना समांतर आहेत, एवढंच. तिन्ही गट आपापल्या बिंदूत मिळाले तर वस्तूच्या समोरासमोरच्या कडा समांतर आहेत हे कळतं. पण खोक्याची ओळख समांतर कडा ही नाही. खोक्याची ओळख काटकोन आहे. एमएस्सीला क्रिस्टलोग्राफी केलेल्यांना हे एका शब्दात सांगता येईल: ट्रायक्लिनिक. ट्रायक्लिनिक युनिट सेलच्याही कडा समांतरच असतात, तरी तिला कुणी क्यूबिक म्हणत नाही. थोडक्यात, पट्टीच्या चाचणीत पैकीच्या पैकी मिळवणारं चित्र हे कुणीतरी तिरपी दाबलेली काडेपेटी असू शकतं. ‘दिसतं तर बरोबर, पण काहीतरी विचित्र आहे’ असं ज्या खोक्यांबद्दल वाटतं, त्यांतले बरेच या जातीचे असतात.

काटकोनाची चाचणीही आहे. तिन्ही व्हॅनिशिंग पॉइंट जोडून त्रिकोण करा. वस्तूच्या कडा खरोखर परस्परांना काटकोनात असतील तर हा त्रिकोण लघुकोन असलाच पाहिजे. एखादा कोन विशाल निघाला, तर जगातल्या कुठल्याही जागेवर उभं राहून खरा खोका तसा दिसणार नाही. शिवाय या त्रिकोणाचा शिरोलंबसंपात म्हणजे बघणाऱ्याची नजर कागदाला जिथे सरळ भिडते तो बिंदू. (शाळेत शिरोलंबसंपात काढताना याचा पुढे काय उपयोग, असं वाटलं होतं. हा उपयोग.) खोका त्या बिंदूपासून फार लांब गेला की तो गणिताने बरोबर असूनही ताणलेला दिसतो, वाइड अँगल फोटोच्या कडेला माणसं दिसतात तसा. प्रत्येक वेळी एवढं काढायची गरज नाही. सर्वांत जवळच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांचा इंग्रजी वाय होतो. खोक्याच्या तीन बाजू दिसत असतील तर त्या वायमधले तिन्ही कोन ९० अंशांहून मोठे हवेत. एक जरी लहान असला तरी संशय घ्या: एकतर खोका तिरपा आहे, नाहीतर तो नजरेच्या मध्यापासून फार दूर गेलाय. हे डोळ्यांनी दोन सेकंदांत तपासता येतं.

हे एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण असं. चाचणी सोपी आणि रंगीत असली की अभिप्राय देणारेही तीच चाचणी पुन्हा करून थांबतात. ‘रेषा मिळतायत, पुढे जा.’ पण रेषा मिळतात की नाही हे विद्यार्थ्याने पट्टी ठेवून आधीच पाहिलेलं असतं. दुसऱ्या माणसाची गरज त्या ठिकाणी आहे जिथे विद्यार्थ्याची स्वतःची चाचणी आंधळी आहे. संशोधनातही हाच अनुभव येतो. ग्राफवर आर-स्क्वेअर ०.९९ आलाय, तुम्ही तो पाहिलाय, मित्रही तोच बघून ‘भारी’ म्हणतो. रेसिड्युअलचा आलेख बघितलास का, हे विचारणारा एखादाच. ड्राफ्ट कुणाला देताना म्हणूनच मी सुचवेन की सोबत एक ओळ लिहा: ‘हे हे मी तपासलं आहे.’ मग वाचणाऱ्याचा वेळ बाकीच्या गोष्टींना मिळतो, आणि त्याने नुसती स्पेलिंग दुरुस्त करून पान परत केलं तर तेही लपत नाही.

आता देण्याच्या बाजूकडे येऊ. ‘मलाच नीट येत नाही, मी दुसऱ्याला काय सांगणार?’ हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या प्रत्येक स्कॉलरच्या मनात असतो, आणि तो अगदी गैर नाही. दहा खोके काढलेल्याला ट्रायक्लिनिकपणा दिसणार नाही. पण २००९ मध्ये लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी केलेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी फक्त इतरांच्या निबंधांवर अभिप्राय द्यायला लावलं आणि काहींना फक्त अभिप्राय वापरायला शिकवलं. स्वतःच्या लेखनात जास्त सुधारले ते देणारे. आणि फायदा विशेष दिसला तो खालच्या पातळीवरच्या विद्यार्थ्यांमध्ये. अभ्यास लेखनाचा आहे, चित्राचा नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचा. तरी कारण समजण्यासारखं आहे. स्वतःच्या खोक्यात आपल्याला हेतू दिसतो, दुसऱ्याच्या खोक्यात फक्त रेषा दिसतात.

नवशिक्याने द्यावं ते निरीक्षण. निकाल देऊ नये. ‘तुझे खोके चुकीचे आहेत’ हे म्हणायला अधिकार लागतो. ‘१२ व्या खोक्यात तू रेषा बघणाऱ्याकडे वाढवल्यास, मागे नाही’ हे म्हणायला फक्त डोळे लागतात. ही उलट्या दिशेने रेषा वाढवण्याची चूक खूप जण करतात, आणि ती ज्याची त्याला दिसत नाही, कारण कागदावर रेषा तर वाढलेल्याच असतात. आणि समोरच्याला एका वेळी एकच गोष्ट द्या, फार तर दोन. पानावर लाल खुणांचा सडा घातल्याने तुमचा अभ्यास होईल, त्याचा होणार नाही.

घेणाऱ्याचीही बाजू आहे, आणि तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. अभिप्राय मागताना तुम्ही काय समोर ठेवता? पानातले चांगले आलेले आठ खोके निवडून दाखवलेत तर मिळणारा अभिप्राय त्या निवडीवर असेल, तुमच्या हातावर नसेल. ३१, ३४, ३७ अशी चुकीची साखळी तिसऱ्या माणसाला दिसली, ती सगळे खोके क्रमाने समोर होते म्हणून. वाढवलेल्या रेषा न दाखवता नुसते खोके दाखवणं म्हणजे रॉ डेटा लपवून फक्त निष्कर्ष दाखवणं. तारीख घाला, क्रमांक घाला, फसलेलं पान ठेवा.

दोन अभिप्राय एकमेकांच्या विरुद्ध आले तर? एक म्हणतो व्हॅनिशिंग पॉइंट फार जवळ घेतलेत, दुसरा म्हणतो फार लांब. बहुतेक वेळा दोघे वेगवेगळ्या खोक्यांबद्दल बोलत असतात. कुठला खोका, हे विचारा. क्रमांक सांगता आला नाही तर तो शेरा होता असं समजायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र खोक्यांचं उदाहरण आपल्याला पुरत नाही, आणि ते झाकून ठेवणं बरोबर नाही. खोक्यावर बोलणारा माणूस तुमची फेलोशिप थांबवू शकत नाही. गाइड आणि आरएसीचे सदस्य थांबवू शकतात. त्यांचा अभिप्राय आणि त्यांचा निकाल एकाच कागदावर, एकाच बैठकीत येतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणशास्त्रात वारंवार सांगितला जातो: काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेली मुलं कामगिरीत आणि रस टिकवण्यात सरस ठरली. गुणही सोबत दिले की अभिप्रायाचा तो फायदा उरला नाही. आपल्यापैकी ज्यांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलीय त्यांना आठवेल, हातात येते ती अ, ब किंवा क. घनभूमितीच्या उत्तरात कुठली रेषा चुकली, हे त्या अक्षरातून कळत नाही. ‘क’ मिळालेल्या किती मुलांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतली असेल, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

आरएसीची पद्धत तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. पण बैठकीच्या तीन-चार आठवडे आधी एका सदस्याकडे जाऊन, “सर, हे प्रेझेंटेशन नाही, फक्त दुसऱ्या प्रकरणातली ही एक आकृती बघाल का? मला तिच्या एरर बारबद्दल शंका आहे,” असं म्हणता येतं. तिथे निकाल नसतो, म्हणून बोलणं मोकळं होतं. सगळेच वेळ देतील असं नाही. काही देतात.

शेवटची तक्रार २५० या आकड्याबद्दल, खरं तर त्यातल्या वेळापत्रकाबद्दल. आकडा मोठा आहे याला माझी हरकत नाही. हात बसायला वेळ लागतोच. आणि निदान निम्मा वेळ फक्त मजेसाठी चित्रं काढण्यात घालवा, असं हा अभ्यासक्रमच बजावतो, ते तर मला आपल्या लॅबच्या दारावर लावावंसं वाटतं. पण बाहेरची नजर अपेक्षित आहे ती सगळे खोके झाल्यावर. तोवर स्वतःच स्वतःला तपासायचं. रेषा उलट्या दिशेने वाढवणारा माणूस स्वतःला अडीचशे वेळा तपासेल आणि अडीचशे वेळा समाधानी होईल. तीन वर्षांनी एकदम चार प्रकरणं गाइडच्या टेबलावर नेऊन ठेवणारे स्कॉलर तुम्हीही बघितले असतील.

तर खोके काढणार असाल तर पहिले दहा झाले की थांबा, रेषा वाढवा आणि कुणाला तरी दाखवा, चित्रकलेतला नसला तरी चालेल. त्याला ‘कसे झालेत’ असं विचारू नका. ‘रेषा मी बरोबर बाजूला वाढवल्यात का, आणि यातला कुठला खोका तुला दाबल्यासारखा वाटतो?’ एवढंच विचारा. तो बोट ठेवेल त्या खोक्याचा वाय तपासा आणि मग अकरावा काढायला घ्या.